वेग तोच, पट्टी वेगळी

कॅसेट प्लेअरमधली बॅटरी उतरायला लागली की गाणं रेंगाळतं आणि त्याबरोबर गायकाचा आवाजही घोगरा होत खाली येतो. ध्वनिमुद्रणाचा शोध लागला तेव्हापासून हे असंच होतं. तबकडी असो वा फीत, ती जोरात फिरवली की पट्टी चढते, हळू फिरवली की उतरते. वेग दुप्पट केला तर सूर बरोबर एक सप्तक वर जातो आणि चार मिनिटांचं गाणं दोन मिनिटांत संपतं. वेग आणि सूर यांची ही गाठ सोडवायची, म्हणजे गाणं चार मिनिटांचंच ठेवून त्याची पट्टी तेवढी बदलायची, या प्रश्नाने अभियंत्यांना कित्येक दशकं झुलवलं. आज गिटारवादकाच्या पायाशी पडलेल्या छोट्या पेटीत तो सुटलेला दिसतो. तो पूर्ण सुटलेला मात्र नाही, आणि का सुटणार नाही हे 1946 सालीच एका माणसाने कागदावर मांडून ठेवलं होतं.

गाठ सुटत नव्हती तेव्हा काहींनी तिचाच उपयोग करून घेतला. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने 1948 साली 'लव्हर' हे गाणं एकट्याने, गिटारवर गिटार चढवत ध्वनिमुद्रित केलं. त्यातल्या काही गिटारी त्याने निम्म्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीवर वाजवल्या होत्या. नेहमीच्या वेगाने ऐकताना त्या एक सप्तक वर आणि माणसाच्या बोटांना न झेपणाऱ्या गतीने धावतात. दहा वर्षांनी रॉस बॅगडासेरियनने हीच युक्ती गळ्यावर वापरली आणि खारींच्या चिरक्या आवाजातलं 'द चिपमंक साँग' अमेरिकेत घरोघरी पोचलं.

आपल्याकडेही ही गाठ अनेकांनी नकळत ऐकली आहे. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित होतो. आपल्या दूरचित्रवाणीने स्वीकारलेली पाल पद्धत सेकंदाला 25 चौकटींची. त्या पद्धतीत चित्रपट सर्रास 25 चौकटींच्या वेगाने दाखवले जात, म्हणजे चार टक्के जलद, आणि त्याबरोबर गाणी अर्ध्या स्वराहून थोडी कमी वर चढत. टीव्हीवरच्या गाण्याबरोबर पेटी वाजवायला बसलेल्या माणसाला ते ना काळी एकमध्ये सापडे, ना पांढरी दोनमध्ये. पेटी बिचारी निर्दोष होती.

1946 साली मांडणी करणाऱ्या त्या माणसाचं नाव डेनिस गॅबर. 1900 साली बुडापेस्टला जन्मलेला हा अभियंता, जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर तिथून निघाला आणि इंग्लंडमधल्या रग्बी गावी ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन या कंपनीत काम करू लागला. पुढे होलोग्राफीच्या शोधासाठी त्याला 1971चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, त्यामुळे त्याचं ध्वनीवरचं काम काहीसं झाकोळलं. मला तेही तेवढंच मोठं वाटतं. संदेशवहनाच्या सिद्धान्तावरच्या आपल्या निबंधात त्याने दाखवलं की ध्वनीबद्दल दोन गोष्टी एकाच वेळी हव्या तितक्या नेमकेपणाने सांगता येत नाहीत: तो कोणत्या क्षणी झाला, आणि तो कोणता सूर होता. सूर नेमका ओळखायचा तर तो काही काळ ऐकावा लागतो. तो काळ आखडला की सुराची ओळख पुसट होते. पुंजभौतिकीत हायझेनबर्गने स्थान आणि संवेगाबद्दल जे सांगितलं, त्याचंच गणित गॅबरने कानाच्या जगात आणलं.

गिटारच्या भाषेत याचा अर्थ असा. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण 82.4 वेळा कंप पावते. एका कंपनाला 12 मिलिसेकंद लागतात, दोन कंपनांना 24. तार छेडल्यावर हा सूर कोणता, हे सांगायला कोणत्याही यंत्राला निदान एवढं ऐकावंच लागतं. चिप कितीही वेगवान असली तरी तार त्याहून लवकर आपला सूर सांगत नाही. ध्वनी 10 मिलिसेकंदांत सुमारे साडेतीन मीटर जातो, तेव्हा 24 मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे अॅम्प्लिफायर आठ मीटर दूर ठेवून वाजवण्यासारखं. बोटांना ते कळतं.

गॅबर सिद्धान्त लिहून थांबला नाही, त्याने यंत्रही रचलं. टेलिफोनच्या तारेतून कमी जागेत बोलणं पाठवायचं, हा त्याचा हेतू होता. चित्रपटाच्या फितीवरची ध्वनिपट्टी प्रकाशाने वाचली जाते; तिच्यापुढे त्याने फटी पाडलेला फिरता डबा ठेवला. प्रत्येक फट फितीचा एक लहानसा तुकडा वाचे, आणि फट स्वतः फिरत असल्यामुळे तो तुकडा फितीच्या वेगाहून वेगळ्या वेगाने वाचला जाई. एक तुकडा विरत जाताना दुसरा उमटत येई. फीत आपल्या वेगाने पुढे जात राही, सूर मात्र बदले. आजच्या प्रत्येक पिच शिफ्टरचा, म्हणजे सूर बदलणाऱ्या यंत्राचा, सांगाडा हाच आहे: ध्वनीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगळ्या वेगाने वाचायचा, आणि तुकड्यांचे सांधे ऐकू येणार नाहीत अशी काळजी घ्यायची. या सगळ्या इतिहासाचं मर्म त्या सांध्यात आहे.

पन्नासच्या दशकात हे काम चुंबकीय फितीवर आलं. इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1954 साली फिरत्या वाचन-शीर्षांचं यंत्र मांडलं. जर्मनीत अंतोन श्प्रिंगर त्याच वाटेवर होता. पॅरिसमध्ये पिएर शेफेरच्या गटाने फोनोजेन नावाची यंत्रं घडवली. ही यंत्रं अवजड होती आणि बहुतेक प्रयोगशाळा वा नभोवाणी केंद्रं यांच्यापुरती राहिली. बोलणं जलद ऐकवून वेळ वाचवणं हा तेव्हाचा मोठा आकर्षणबिंदू. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीचे प्राध्यापक फ्रान्सिस ली यांनी तेच काम अंकीय स्मृतीवर नेलं, आणि त्यांच्या लेक्सिकॉन कंपनीचं व्हॅरिस्पीच हे यंत्र त्यातून आलं. तेही भाषणासाठीच. गिटार अजून या गोष्टीत आलेली नाही.

ती आली न्यूयॉर्कमधल्या एका तळघरातून. मॅनहॅटनमध्ये पश्चिम 54व्या रस्त्यावर साउंड एक्स्चेंज नावाचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ होता. त्याच्या तळघरात 1971 साली, म्हणजे गॅबरला नोबेल मिळालं त्याच वर्षी, रिचर्ड फॅक्टर, स्टीफन कॅट्झ आणि ऑरविल ग्रीन यांनी इव्हेंटाइड ही कंपनी सुरू केली. सुरुवातीला त्यांनी अंकीय डिले बनवला: आवाज आकड्यांत बदलून स्मृतीत ठेवायचा आणि थोड्या वेळाने बाहेर काढायचा. तरुण अभियंता टोनी अॅग्नेलो इथे आला आणि त्याने विचारलेला प्रश्न वरकरणी साधा होता. स्मृतीत लिहिण्याचा वेग आणि वाचण्याचा वेग वेगळा ठेवला तर?

हा भाग जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढची सगळी कहाणी त्यातून निघते. स्मृती गोल समजा. तिच्यात आवाज लिहिणारा बिंदू एका वेगाने फिरतो आहे, वाचणारा बिंदू त्याच्या मागून. वाचणारा जलद झाला की सूर चढतो, पण मग तो लिहिणाऱ्याला गाठतो. पुढे वाचायला काही उरलेलं नसतं, म्हणून त्याला मागे उडी मारावी लागते आणि थोडा भाग पुन्हा वाचावा लागतो. वाचणारा हळू झाला की सूर उतरतो, पण तो मागे पडत जातो आणि मधला भाग गाळून त्याला पुढे उडी घ्यावी लागते. प्रत्येक उडीला तरंग तुटतो. कानाला ते टिक-टिक, थरथर किंवा खरखर असं ऐकू येतं. वादक आणि ध्वनिमुद्रक याला ग्लिच म्हणतात.

उड्या किती? स्मृतीचा वापर 30 मिलिसेकंदांचा धरला आणि सूर पूर्ण सप्तक चढवला, तर सेकंदाला तेहतीसेक उड्या पडतात. तोच सूर फक्त एक टक्का चढवला, म्हणजे 81/80 या प्रमाणश्रुतीहूनही थोडं कमी, तर तीन सेकंदांत एक उडी. म्हणून मोठा बदल खरखरीत आणि अगदी बारीक बदल जवळपास निर्मळ, हे या यंत्रांच्या जन्मापासूनचं लक्षण आहे.

अॅग्नेलोने हाताने जोडलेला नमुना 1974 साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या प्रदर्शनात लोकांपुढे आला आणि 1975 पासून तो एच 910 हार्मोनायझर या नावाने विकला जाऊ लागला. नावातला आकडा बीटल्सच्या 'वन आफ्टर 909' या गाण्यावरून घेतलेला. सप्तकभर वर, सप्तकभर खाली, शिवाय डिले आणि बाहेर आलेला आवाज पुन्हा आत सोडण्याची सोय. पहिलं गिऱ्हाईक मात्र संगीतातलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने ते घेतलं. 'आय लव्ह लूसी' या जुन्या विनोदी मालिकेचे भाग जाहिरातींना जागा करण्यासाठी किंचित वेगाने दाखवले जात आणि त्यामुळे पात्रांचे आवाज चढत. ते खाली आणायला हार्मोनायझर कामाला लागला. 25 मिनिटांचा भाग चार टक्के वेगाने दाखवला तर जवळजवळ एक मिनिट मोकळं होतं. व्यापाराला तेवढं पुरेसं असतं.

संगीतकारांनी या पेटीला जे करायला लावलं त्याची कल्पना तिच्या निर्मात्यांनाही नसावी. 1976 साली फ्रान्समधल्या शातो देरूव्हिल या जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत डेव्हिड बोवीच्या 'लो' या अल्बमचं काम सुरू झालं. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी आपल्याबरोबर हार्मोनायझर घेऊन गेला होता. हे यंत्र काळाच्या विणीतच ढवळाढवळ करतं, अशा शब्दांत त्याने बोवी आणि त्याचा सहकारी ब्रायन ईनो यांना त्याची ओळख करून दिली होती. त्याने ते लावलं डेनिस डेव्हिसच्या स्नेअर ड्रमवर. आघाताचा आवाज खाली उतरवून पुन्हा यंत्रात सोडला की दर फेरीला तो आणखी उतरतो. आघात पडतो आणि त्याखालची जमीन खचत गेल्यासारखा आवाज घसरत जातो. 1977च्या जानेवारीत अल्बम आला तेव्हा हे कसं केलं ते इतर निर्मात्यांना कळेना, आणि व्हिस्कॉन्टीनेही लगेच सांगितलं नाही. ज्या उड्या लपवायला अॅग्नेलो धडपडत होता त्याच इथे पोत बनून आल्या.

अॅग्नेलोची धडपड पुढच्या यंत्रात, 1977च्या सुमारास आलेल्या एच 949मध्ये दिसते. उडी टाळता येत नाही, पण ती कुठे मारायची हे निवडता येतं. चौकडीचं कापड जोडताना चांगला शिंपी चौकडीवर चौकडी बसवतो आणि मगच टाका घालतो. तसंच इथे: स्मृतीतल्या दोन जागांचे तरंग एकमेकांवर ठेवून पाहायचे, ते सर्वांत जास्त कुठे जुळतात ते शोधायचं आणि नेमकी तिथे उडी मारायची. या जुळवणीला गणितात स्वसहसंबंध म्हणतात. त्या काळच्या चिपांवर, आवाज चालू असताना, हे करणं म्हणजे मोठंच काम होतं, आणि इव्हेंटाइडने त्यासाठी वेगळं ग्लिच-निवारक कार्ड बनवलं. हेच गणित, तेलकंपनीसाठी भूकंपलहरी वाचणाऱ्या अँडी हिल्डेब्रँडने वीस वर्षांनी सुरांकडे वळवलं आणि 1997 साली ऑटो-ट्यून बाजारात आलं. त्याचा बोलबाला फार झाला. एच 949चा मात्र स्टुडिओबाहेर फारसा कोणाला पत्ता नाही.

गिटारवादकांना या पिढीच्या यंत्रांतून पहिली मोठी देणगी मिळाली ती अगदी बारीक बदलाची. एडी व्हॅन हेलनने ऐंशीच्या दशकात आपल्या गिटारचा एक आवाज किंचित चढवून एका बाजूच्या स्पीकरला आणि दुसरा किंचित उतरवून दुसऱ्या बाजूला सोडला. मूळ आवाज मधोमध. तीन वादक जवळजवळ एकाच सुरात वाजवताहेत असा भरदार, रुंद आवाज त्यातून येतो. वर सांगितलेलं उड्यांचं गणित आठवलं तर हे इतकं स्वच्छ का ऐकू येतं ते कळेल: एवढ्या कमी फरकाला सांधे क्वचितच लागतात. यंत्राच्या मर्यादेत राहून त्याच्याकडून सर्वोत्तम काढणं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी देणगी हुशार स्वरसंगतीची. साधा पिच शिफ्टर ठरलेलं अंतर जोडतो. षड्जाबरोबर शुद्ध गंधार हवा म्हणून चार अर्धस्वरांचं अंतर ठेवलं तर षड्जावर काम भागतं. पण ऋषभ वाजवला की त्याच्या चार अर्धस्वर वर तीव्र मध्यम येतो, आणि बिलावल थाटातली चाल असेल तर तो कानाला टोचतो. तिथे शुद्ध मध्यम हवा, म्हणजे अंतर तीनचं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या इव्हेंटाइड एच 3000ला पट्टी आणि स्वरसप्तक सांगून ठेवता येई. वाजलेला स्वर ओळखून ते योग्य अंतर स्वतः निवडत असे. स्टीव्ह वायने 1990च्या 'पॅशन अँड वॉरफेअर' या अल्बममधल्या 'बॅलेरिना 12/24'मध्ये हे यंत्र असं वापरलं की एका वादकाचे स्वर डिलेच्या अंतराने एकमेकांवर चढत जाळं विणतात. अट एकच होती: एका वेळी एकच स्वर वाजवायचा. दोन तारा एकत्र छेडल्या की यंत्र गोंधळे.

एच 3000 हे कपाटात बसवायचं, महागडं, स्टुडिओचं यंत्र होतं. सामान्य वादकाच्या पायाखाली हे तंत्र आलं ते दोन वाटांनी. जपानच्या बॉस कंपनीने 1987 साली पीएस-2 हे छोटं पेडल काढलं. आणि यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीच्या डिजिटेकने, कॅनडात व्हिक्टोरिया इथल्या आयव्हीएल टेक्नॉलॉजीज या कंपनीचं सूर ओळखण्याचं तंत्र घेऊन, 1989च्या सुमारास व्हॅमी नावाचं लालभडक पेडल बाजारात आणलं. त्याच वर्षी कीथ लेंट यांनी 'कॉम्प्युटर म्युझिक जर्नल'मध्ये तरंगाची दोन-दोन आवर्तनं उचलून, त्यांना मऊ कडा देऊन, जवळ वा लांब मांडण्याची सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. हा विषय तेव्हा सगळीकडूनच पिकत आला होता.

व्हॅमीत नवं होतं ते पाऊल. तोवर सूर किती बदलायचा हे बोटाने बटण फिरवून ठरत असे. इथे पायाने पाटा दाबत गेलं की सूर सलग चढत जातो, अगदी दोन सप्तकं वरपर्यंत, आणि पाय सोडला की परत येतो. तारेवरची मींड चार-पाच अर्धस्वरांच्या पुढे फारशी जात नाही. इथे चोवीस अर्धस्वरांची मींड पायात आली. 1992 साली रेज अगेन्स्ट द मशीनच्या 'किलिंग इन द नेम'मध्ये टॉम मोरेलोने या पेडलावर केलेलं एकल वादन ऐकून अनेकांना ती गिटारच वाटली नाही. 1994 साली पिंक फ्लॉइडच्या 'मरून्ड'मध्ये डेव्हिड गिल्मूरने त्याच पेडलातून अगदी उलट भाव काढला: लांब, ओथंबलेल्या, सप्तकभर झेपावणाऱ्या सुरांची रचना, जिला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी रेडिओहेडच्या जॉनी ग्रीनवुडने 'माय आयर्न लंग'मध्ये सप्तकभर चढवलेला आवाज त्याच्या सगळ्या थरथरीसकट वापरला. एकाच यंत्रातून एकाच काळात इतक्या वेगवेगळ्या प्रकृतीचं संगीत यावं, हे त्या यंत्राच्या बाजूने मोठंच मत आहे.

सर्वांत दूर पोचली ती मात्र खाली उतरलेली धून. द व्हाइट स्ट्राइप्समध्ये दोघंच जण, गिटार आणि ड्रम. बास वाजवणारा कोणी नाही. 'सेव्हन नेशन आर्मी'ची सुरुवातीची धून बासची वाटते, पण ती जॅक व्हाइटने पोकळ अंगाच्या जुन्या गिटारवर, व्हॅमीने एक सप्तक उतरवून वाजवली. 2003 साली 'एलिफंट' या अल्बममधून ती आली आणि आज फुटबॉलच्या मैदानांवर हजारो लोक ती शब्दांविना गातात. त्या अल्बमच्या माहितीपत्रकात, लेखनापासून अंतिम मुद्रणापर्यंत कुठेही संगणक वापरला नाही असं अभिमानाने नोंदलं आहे. व्हॅमीत आवाज आकड्यांत बदलणारी, त्यांवर गणित करणारी चिप असते. तेव्हा त्या अल्बमची सर्वांत प्रसिद्ध धून अंकीय गणितातूनच गेलेली आहे, आणि त्याने तिचं काही बिघडलेलं नाही.

इतकं होऊनही कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या अनेक स्वरांचा, प्रश्न तसाच होता. चौकडीची जुळवणी एका स्वरावर चालते, कारण एका स्वराची चौकडी एकाच मापाची असते. सहा तारा एकत्र वाजल्या की सहा मापांच्या चौकड्या एकमेकींवर पडतात. 82.4च्या तारेला सोयीची उडी 110च्या तारेला मधोमध तोडते. तुकडे लांब घेतले तर सगळ्या तारांना सांभाळणारी जागा मिळण्याची शक्यता वाढते, पण उशीरही वाढतो. तुकडे आखडले तर बोटाला उशीर जाणवत नाही, पण आवाज पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो. गॅबरचीच अडचण, आता गिटारवादकाच्या दारात.

यातून निघायच्या वाटा वेगवेगळ्या दिशांनी शोधल्या गेल्या. रोलंडने 1995च्या व्हीजी-8मध्ये प्रत्येक तारेचा आवाज वेगळा उचलणारा पिकअप वापरला. मग प्रत्येक तार स्वतंत्र, आणि प्रश्न पुन्हा एका स्वराचा. त्यासाठी गिटारवर जादा उपकरण बसवावं लागे, आणि बहुतेक वादकांना ते नको होतं. दुसरी वाट बेल प्रयोगशाळेत फ्लॅनागन आणि गोल्डन यांनी 1966 साली मांडलेल्या फेज व्होकोडरची: आवाज अनेक अरुंद वारंवारता-पट्ट्यांत फोडायचा, प्रत्येक पट्टीत काय चाललंय ते स्वतंत्र बदलायचं आणि पुन्हा एकत्र करायचं. यात सांध्याची उडी नाही, पण पट्ट्या जितक्या अरुंद तितका उशीर मोठा, आणि तारेवरचा आघात पसरट होतो. आघात म्हणजे तर गिटारचा प्राण. फक्त सप्तकभर वर वा खाली जायचं असेल तर हे काम बरंच सोपं होतं. 2005 साली इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या पॉग या पेडलाने कॉर्डसकट, जवळपास उशीर न जाणवू देता, सप्तक जोडून दाखवलं. म्युनिकच्या पीटर नॉयबॅकरने 2009 साली मेलोडाइन या संगणक-प्रणालीत कॉर्डमधले स्वर सुटे करून एकेक बदलायची सोय आणली, पण ती आधी मुद्रित केलेल्या आवाजावर. पुढे काय येणार हे ठाऊक असेल तर सांधा जुळवणं सोपं. मंचावरच्या यंत्राला पुढचं काही ठाऊक नसतं.

चिपांची ताकद वाढत गेली तशा या रीती एकत्र आल्या. 2012 साली डिजिटेकने व्हॅमीची पाचवी आवृत्ती काढली तेव्हा तिच्यात कॉर्ड सांभाळणारी नवी पद्धत होती आणि जुनी पद्धतही, मधे एक खटका. जुनीला त्यांनी 'क्लासिक' म्हटलं. नवी पद्धत जास्त अचूक असूनही अनेक वादक खटका जुन्याकडे ठेवतात, कारण त्यांना हव्या असलेल्या गाण्यांत ती थरथर आहे. 2014 साली त्याच कंपनीचं ड्रॉप पेडल आलं: संपूर्ण गिटार एक ते सात अर्धस्वर किंवा थेट एक सप्तक खाली. लाइन 6ने 2020 साली हेलिक्स यंत्रांच्या एका अद्यतनात कॉर्डसाठीचे पिच शिफ्टर दिले. गायकाचा गळा त्या दिवशी काळी चारऐवजी काळी दोनला लागत असेल तर दुसरी गिटार उचलण्याची गरज उरली नाही. गावोगावच्या कार्यक्रमांत एका गिटारवर रात्र निभावणाऱ्या वादकासाठी ही सोय किती मोठी, हे सांगायला नको. मात्र अशा एका कामासाठी यंत्राच्या एकूण ताकदीचा मोठा वाटा खर्ची पडतो, आणि काही यंत्रांत 'जलद' की 'स्थिर' असा पर्याय वादकालाच निवडावा लागतो. गॅबरच्या समीकरणाच्या दोन बाजू आज बटणावर छापून येतात.

2018 साली टोनी अॅग्नेलो आणि रिचर्ड फॅक्टर यांना तांत्रिक कामगिरीबद्दलचा ग्रॅमी पुरस्कार दिला गेला. उशीर झाला, पण योग्य माणसांना मिळाला. इव्हेंटाइडने एच 910ची संगणकीय आवृत्तीही काढली, आणि तिच्यात जुन्या यंत्राच्या ग्लिचही प्रामाणिकपणे उतरवल्या आहेत.

पिच शिफ्टर घ्यायला दुकानात जाणाऱ्यांना एक सांगणं आहे. दाखवणारा वरच्या तारेवर एकेक स्वर वाजवेल. तिथे सगळीच यंत्रं चांगली वाटतात. तुम्ही गिटार हातात घ्या, सूर दोन-तीन अर्धस्वर उतरवा, आणि जाड तारेसकट भरलेला कॉर्ड वाजवा. हेडफोन घट्ट लावा किंवा अॅम्प्लिफायर मोठा ठेवा, नाहीतर गिटारच्या अंगातून येणारा मूळ सूर यंत्राच्या सुरात मिसळून तुम्हाला बेसूर भासेल आणि दोष विनाकारण यंत्रावर जाईल. मग एक वेगवान लय वाजवून पाहा. कॉर्ड थरथरतो का आणि बोटांपासून आवाज मागे राहतो का, हे दोन प्रश्न विचारा. दोन्हींचं उत्तर पूर्ण 'नाही' असं देणारं यंत्र अजून बनलेलं नाही. तुमच्या संगीताला त्यातलं काय चालेल ते ठरवून मगच पैसे मोजा.